विश्लेषण : नाखव्याचा फिश फाइंडर आणि दवाखान्यातली सोनोग्राफी… आवाजातून चित्र बनते कसे?

वरळी कोळीवाड्यासारख्या बंदरातून खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकांवर जीपीएस आणि वायरलेसच्या शेजारी आता अनेकदा एक छोटा पडदा दिसतो. खाली समुद्रतळाची जाड रेघ आणि मधल्या पाण्यात ठिपक्यांचे पुंजके. हा फिश फाइंडर. कोळीवाड्यातलीच एखादी गरोदर महिला नायर किंवा केईएम रुग्णालयात तपासणीला जाते, तेव्हा तिच्यासमोरही एक पडदा असतो. त्यावर राखाडी रंगात बाळाचे डोके, कणा आणि धडधडणारे हृदय दिसते. दोन्ही पडद्यांमागचे विज्ञान एकच आहे. तरीही पहिले यंत्र दुकानातून आणून होडीवर बसवता येते. दुसरे मात्र नोंदणी केलेल्या जागेबाहेर नेले तर डॉक्टरवर गुन्हा दाखल होऊ शकतो. आता तर ते यंत्र खिशात मावेल एवढे लहान झाले आहे. ते काम कसे करते, त्याला काय दिसत नाही आणि कायद्याने त्याला बांधून का ठेवले, याविषयी…

कानाला न ऐकू येणारा आवाज

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. २०,००० च्या वरच्या आवाजाला अल्ट्रासाउंड किंवा श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ त्याच्यावर अंधारात उडते आणि मुंबईच्या किनाऱ्याजवळ अधूनमधून दिसणारे डॉल्फिन त्याच्यावर मासे शोधतात. पद्धत एकच : आवाज सोडायचा, थांबायचे आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा.

फिश फाइंडर साधारणपणे ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतो. सोनोग्राफीचे यंत्र त्याच्या कितीतरी वर, साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनांवर. हा फरक कंपनीच्या मर्जीवर ठरलेला नाही. किती खोल पाहायचे आणि किती बारीक पाहायचे, या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून तो आला आहे.

वावेचा हिशेब, मायक्रोसेकंदात

कोळी लोक पाण्याची खोली वावेत मोजतात. दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. पूर्वी दोरीला वजन बांधून ती तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि वर ओढताना हात पसरत वाव मोजायचे. फिश फाइंडर तेच काम दोरीऐवजी आवाजाने करतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. पाणी १५ वाव, म्हणजे साधारण २७ मीटर खोल असेल, तर जाऊन येऊन ५४ मीटरचा प्रवास सुमारे ३६ मिलिसेकंदांत होतो. यंत्र ही वेळ मोजते आणि तिची खोली करते.

माणसाच्या शरीराचा मोठा भाग पाणीच आहे. त्यामुळे स्नायू, यकृत, गर्भाशय अशा मऊ अवयवांतून आवाजाचा वेग समुद्राच्या पाण्यातल्या वेगाच्या अगदी जवळ, सरासरी १,५४० मीटर प्रति सेकंद आहे. सोनोग्राफीच्या यंत्रात हाच आकडा गृहीत धरलेला असतो. म्हणजे त्वचेखाली एक सेंटिमीटरवरून येणाऱ्या प्रतिध्वनीला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात, १५ सेंटिमीटरवरून येणाऱ्याला सुमारे २००. (चरबीतून आवाज थोडा हळू जातो, सुमारे १,४५० मीटर प्रति सेकंद. त्यामुळे पडद्यावरच्या मापात किंचित चूक राहते. यंत्राला ते कळत नाही.)

एका स्पंदातून चित्राची एकच उभी रेघ मिळते. अशा १२८ रेघा शेजारी शेजारी मांडल्या की एक पूर्ण चित्र. प्रत्येक रेघेला २०० मायक्रोसेकंद धरले तर एका चित्राला सुमारे २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे. म्हणूनच बाळाने हात हलवला तर तो त्याच क्षणी हलताना दिसतो. एक्स-रेसारखे ठोकळेबाज स्थिर छायाचित्र हे नाही. मुळात हे छायाचित्रच नाही. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून ठिपक्याची जागा ठरते आणि किती जोरात आला यावरून त्याचा उजळपणा. पडद्यावर दिसते ते एवढ्या दोन आकड्यांतून केलेले गणित असते.

आता ती ओढाताण. लहरीची लांबी जितकी कमी, तितके बारीक दिसते. ५० किलोहर्ट्झच्या लहरीची पाण्यातली लांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते. माशांचा थवा शोधायला ती पुरते, गर्भाची बोटे मोजायला नाही. ३.५ मेगाहर्ट्झला ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते आणि १० मेगाहर्ट्झला सुमारे ०.१५ मिलिमीटर. मग सगळीकडे १० मेगाहर्ट्झच का वापरत नाहीत? कारण कंपने वाढली की शरीर आवाज जास्त गिळते. ढोबळ नियम असा, की दर सेंटिमीटरला दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल घट. दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत येताना ३.५ मेगाहर्ट्झच्या आवाजाची ताकद सुमारे तीन हजारांचा एक भाग उरते. १० मेगाहर्ट्झची उरते हजार कोटींचा एक भाग. एवढ्या क्षीण कुजबुजीतून चित्र काढणे अशक्यच.

म्हणून पोटाच्या सोनोग्राफीला २ ते ५ मेगाहर्ट्झ, तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी, स्तन किंवा हाताची नस पाहायला ७ ते १५ मेगाहर्ट्झ. नाखवाही हाच व्यवहार करतो. खोल पाण्यात ५० किलोहर्ट्झ, उथळ पाण्यात २००.

प्रोबमध्ये असते काय?

डॉक्टर पोटावर फिरवतात त्या उपकरणाला प्रोब किंवा ट्रान्सड्यूसर म्हणतात. तोच तोंड आणि तोच कान. त्याच्या टोकाशी एका विशिष्ट सिरॅमिकच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. हे सिरॅमिक बहुतेक वेळा लेड झिर्कोनेट टायटॅनेट, थोडक्यात पीझेडटी असते. विजेचा धक्का दिला की ते किंचित फुगते-आकसते आणि आवाज निघतो. बाहेरून आवाजाचा दाब आला की त्यात वीज तयार होते. या गुणधर्माला पीझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. दाबाने स्फटिकात वीज तयार होते हे फ्रान्समधील झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. गॅसच्या लायटरमध्ये बटण दाबल्यावर ठिणगी पडते, तिथेही बऱ्याचदा हाच स्फटिक असतो.

पट्टीची जाडी लहरीच्या निम्मी ठेवतात. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबमध्ये ती सुमारे ०.४ मिलिमीटर येते. तिच्या मागे कंपने झटकन थांबवणारा थर असतो. घंटेवर टोला दिल्यावर ती घुमत राहिली तर पुढचा प्रतिध्वनी ऐकू कसा येणार? पुढच्या बाजूला सिरॅमिक आणि त्वचा यांच्यातला फरक जुळवून घेणारा थर आणि त्यावर रबरी भिंग.

खरी गंमत मात्र पट्ट्यांच्या वेळापत्रकात आहे. सगळ्या पट्ट्या एकाच क्षणी वाजवल्या तर लहर सरळ जाते. कडेच्या पट्ट्या आधी आणि मधल्या किंचित नंतर वाजवल्या, तर सगळ्यांचा आवाज ठरावीक खोलीवर एकत्र येऊन केंद्रित होतो. एका बाजूने क्रमाक्रमाने वाजवल्या तर किरण तिरका वळतो. हे अंतर नॅनोसेकंदांचे असते. ऐकतानाही तसेच : प्रत्येक पट्टीला आलेला प्रतिध्वनी योग्य तेवढा थांबवून मग बेरीज करतात. प्रोब स्थिर असला तरी आतला किरण इकडून तिकडे फिरत असतो. मोठ्या यंत्राच्या खोक्यातला बराचसा इलेक्ट्रॉनिक पसारा याच कामासाठी असतो.

प्रोबचे आकारही कामाप्रमाणे. पोटासाठी कमानदार तोंडाचा, नस-गळ्यासाठी सपाट, बरगड्यांच्या फटीतून हृदय पाहायला लहान तोंडाचा आणि गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत योनीमार्गे तपासणीसाठी लांब, बारीक. तो गर्भाशयाच्या जवळ पोहोचतो, त्यामुळे जास्त मेगाहर्ट्झ परवडतात आणि चित्र स्पष्ट येते. यंत्रातला सर्वात नाजूक भागही प्रोबच. तो हातातून पडला आणि दोन-चार पट्ट्या तडकल्या, की चित्रात तेवढ्या जागी वरून काळपट पट्टा उतरतो.

जेल कशासाठी? आणि पाणी का प्यायचे?

सोनोग्राफी म्हटले की लोकांना आधी आठवते ते पोटावरचे थंडगार जेल आणि बाहेरच्या बाकावर लघवी रोखून धरलेला तास. दोन्हींचे कारण एकच, हवा.

प्रत्येक पदार्थ आवाजाला काही प्रमाणात अडवतो. दोन पदार्थांच्या या अडवणुकीत जितका फरक, तितका आवाज त्यांच्या सीमेवरून परत फिरतो. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यात फरक थोडा, म्हणून थोडाच आवाज परततो आणि बाकीचा पुढे जातो. मऊ ऊतक आणि हवा यांच्यातला फरक मात्र प्रचंड, तिथे ९९.९ टक्क्यांहून जास्त आवाज मागे फिरतो. प्रोब आणि त्वचा यांच्यात केसाएवढी हवेची फट राहिली तरी पुढचे सगळे अंधारात. जेल ती फट भरून काढते. ते औषध नाही, की त्यामुळे चित्र ‘उमटत’ही नाही.

आतड्यांत गॅस असतोच. गर्भाशय आणि अंडाशय त्याच्या मागे लपलेले असतात. मूत्राशय भरले की ते आतड्यांना बाजूला सारते आणि स्वतः पाण्याची स्वच्छ खिडकी होते. त्यातून मागचे सगळे दिसते. म्हणून पाणी प्यायचे. गर्भ मोठा झाल्यावर गर्भाशय स्वतःच पुढे येते आणि आतल्या गर्भजलाचीच खिडकी मिळते, त्यामुळे पुढच्या महिन्यांत सहसा मूत्राशय भरलेले लागत नाही. पित्ताशयासाठी उपाशीपोटी बोलावतात त्याचे कारण थोडे निराळे : जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावते, मग आतले खडे नीट दिसत नाहीत.

दवाखान्यात आडवी येणारी हीच हवा समुद्रात मात्र नाखव्याच्या कामी येते. फिश फाइंडरला माशाचे मांस फारसे दिसत नाही. मांस आणि पाणी यांच्यात फरकच किती? दिसते ती प्रामुख्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी. मासा तिच्या आधारे पाण्यात तरंगतो. घोळ माशाची ही पिशवी मच्छीमारांच्या चांगल्या ओळखीची. तिला भोत म्हणतात आणि परदेशातल्या मागणीमुळे ती माशाच्या मांसापेक्षा महाग विकली जाते. सुरमई किंवा मुशीला मात्र अशी पिशवी नसते. त्यामुळे तेवढ्याच आकाराचे हे मासे पडद्यावर फिके उमटतात. पडद्यावर ठिपका नाही म्हणजे खाली मासा नाही, असा अर्थ काढणारा नाखवा फसेल. सोनोग्राफीचा अहवाल वाचतानाही हे ध्यानात ठेवलेले बरे.

काळे, पांढरे आणि मागची सावली

पडद्यावर काळे म्हणजे जिथून प्रतिध्वनी आलाच नाही ते. पाणी, लघवी, पित्त, रक्त, गर्भजल, पाण्याची गाठ हे सगळे काळे. हाडाचा पृष्ठभाग आणि खडा पांढरा शुभ्र. मधल्या राखाडी छटांत यकृत, प्लीहा, स्नायू.

यापेक्षा जास्त सांगते ती मागची बाजू. मूतखडा किंवा पित्ताशयातला खडा आवाज पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे त्याच्यामागे काळी सावली पडते. साध्या पाण्याच्या गाठीतून आवाज फारसा न घटता जातो, त्यामुळे तिच्यामागचा भाग उलट जास्त उजळ दिसतो. खोलीनुसार प्रतिध्वनी वाढवून घेण्यासाठी यंत्रावर सरकत्या बटणांची एक रांग असते. ती चुकीची लावली तर निरोगी यकृतही पांढरट दिसू शकते. चित्र तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, असे डॉक्टर म्हणतात ते यासाठीच. सीटी स्कॅनमध्ये यंत्र ठरल्या मार्गाने फिरते. इथे प्रोब किती अंशांत धरला यावर काय दिसेल हे ठरते.

फुप्फुस हवेने भरलेले, म्हणून अनेक वर्षे सोनोग्राफीसाठी ते बाद मानले जायचे. निरोगी फुप्फुसावर आवाज आपटून पुन्हापुन्हा परततो आणि पडद्यावर समांतर आडव्या रेघा येतात. त्यात पाणी साचले किंवा सूज आली की वरून खाली जाणारे उभे पट्टे दिसू लागतात. म्हणजे दिसत नाही ते फुप्फुस. पण ते बिघडल्याची खूण दिसते. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा मुंबईतल्या पहिल्या सीलबंद भागांपैकी एक ठरला. त्या काळात जगभरातल्या अतिदक्षता विभागांत खाटेजवळ नेता येणारी ही तपासणी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, कारण गंभीर रुग्णाला सीटी स्कॅनच्या खोलीपर्यंत हलवणे जोखमीचे होते.

रक्ताचा वेग कसा कळतो?

होडी लाटांवर चालून जाते तेव्हा धक्के लवकर लवकर बसतात. परतताना लाटा पाठीमागून येतात, धक्के विरळ होतात. समुद्र तोच, लाटा त्याच. फरक होडीच्या दिशेचा आणि वेगाचा. डॉप्लर तपासणी एवढ्यावरच चालते. रक्तपेशी प्रोबकडे येत असतील तर प्रतिध्वनीची कंपने वाढतात, दूर जात असतील तर घटतात.

५ मेगाहर्ट्झचा आवाज, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारे रक्त आणि ६० अंशांचा कोन धरला, तर हा फरक सुमारे १,६०० हर्ट्झ येतो. तो माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात आहे. यंत्र तोच स्पीकरवर सोडते. तपासणीच्या खोलीत ऐकू येणारा ‘सूं-सूं’ आवाज म्हणजे हा फरक. रक्त वाहताना तसा आवाज करत नाही. पडद्यावरच्या लाल-निळ्या रंगांबाबतही गैरसमज असतो. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, असे नाही. नेहमीच्या मांडणीत लाल म्हणजे प्रोबकडे येणारे आणि निळे म्हणजे दूर जाणारे. रक्तप्रवाहाला काटकोनात प्रोब धरला तर वाहते रक्तही थांबल्यासारखे दिसते.

गरोदरपणात नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर काढतात तो बाळाची वाढ खुंटली आहे का, त्याला पुरेसे रक्त पोहोचते का, हे पाहण्यासाठी.

जहाजांकडून रुग्णालयाकडे

समुद्र आणि सोनोग्राफी यांचे नाते उपमेपुरते नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि पाण्याखालचा हिमनग आवाजाने शोधण्याच्या कल्पनांना जोर आला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी क्युरी बंधूंचे स्फटिक वापरून पाण्याखाली आवाज सोडणारे यंत्र बनवले. त्यातून सोनार तंत्र पुढे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जपानच्या फुरुनो कंपनीने मासेमारीसाठी फिश फाइंडर बाजारात आणला.

तेच तंत्र कारखान्यांत धातूतली चीर शोधायला वापरात आले आणि वैद्यकशास्त्रात शिरले ते या दाराने. स्वीडनच्या लुंडमध्ये १९५३ मध्ये इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी असे उसने यंत्र वापरून हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवले. आज ज्याला आपण ‘टू-डी इको’ म्हणतो, त्याची ती सुरुवात. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात घेऊन गेले. तिथल्या यंत्रावर गाठींमधला फरक दिसतो का ते पाहायला. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. फरक दिसला. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्याबरोबर डोनाल्ड यांनी जून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पोटात असाध्य कर्करोग आहे असे सांगितलेल्या एका महिलेची गाठ अंडाशयातली पाण्याची निघाली आणि काढता आली, हे याच काळातले.

बाळाला धोका आहे का?

एक्स-रे आणि सीटी स्कॅनसारखे आयनीभवन करणारे प्रारण सोनोग्राफीत नसते. आवाजाने होऊ शकणारे परिणाम दोन : ऊतक किंचित तापणे आणि दाबामुळे सूक्ष्म बुडबुड्यांची हालचाल. यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात ‘टीआय’ आणि ‘एमआय’ असे दोन निर्देशांक सतत दिसत असतात. कारणापुरती आणि गरजेपुरतीच वेळ तपासणी करावी, हा जगभरचा नियम आहे. डॉप्लरमध्ये ऊर्जा जास्त लागते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तो विनाकारण वापरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी करण्याची शिफारस केली. त्यातही पहिल्या तिमाहीतल्या तपासणीला महत्त्व आहे. त्या वेळी गर्भाच्या लांबीवरून प्रसूतीची तारीख साधारण आठवड्याच्या आत-बाहेर सांगता येते. जसजसे महिने जातात तसतशी बाळे आपापल्या चणीने वाढतात आणि हा अंदाज सैल होतो. शेवटच्या महिन्यातला वजनाचा आकडा तर १०-१५ टक्के इकडेतिकडे असू शकतो. अहवालात तीन किलो लिहिलेले बाळ २७०० ग्रॅमचे जन्मले तर त्यात कुणाची चूक असेलच असे नाही. व्यंग शोधण्याची तपासणी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात, कारण तोवर हृदयाचे कप्पे, कणा आणि मेंदूची रचना दिसण्याइतकी मोठी झालेली असते. सगळी व्यंगे तेव्हाही दिसत नाहीत.

मग कायदा कशाला?

यंत्राला कणा दिसतो तसे लिंगही दिसते. त्यासाठी वेगळे बटण नाही, वेगळा प्रोब नाही. त्यामुळे तंत्रज्ञान बदलून गैरवापर थांबवता येत नाही. थांबवायचा तर यंत्र कुठे आहे, कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरले, याची नोंदच ठेवावी लागते.

ही लढाई मुंबईत सुरू झाली. १९८० च्या दशकात शहरात गर्भजल परीक्षण करून मुलगी असल्यास गर्भपात करण्याचा धंदा उघडपणे चालत होता. महिला संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन त्याविरोधात मंच उभा केला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. पण तोवर पोटात सुई न घालता, काही मिनिटांत लिंग दिसेल असे सोनोग्राफी यंत्र गावोगाव पोहोचू लागले होते. २००० मध्ये ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर कायदा दुरुस्त झाला आणि फेब्रुवारी २००३ पासून आजच्या पीसीपीएनडीटी रूपात लागू झाला.

आकडे कायद्याच्या वेगाने सुधारले नाहीत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ती २०११ मध्ये ८०७ पर्यंत घसरली. कोल्हापुरात २००१ मध्ये ती ८३९ होती. तिथे यंत्रावरची प्रत्येक तपासणी साठवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण बसवण्याचा प्रयोग झाला. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये ते फेटाळले.

यंत्र खिशात, कायदा जागेवर

नव्या हातातल्या प्रोबमध्ये पीझेडटीच्या पट्ट्यांऐवजी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले हजारो सूक्ष्म पडदे असू शकतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका प्रोबमध्ये असे सुमारे ९,००० पडदे आहेत. खोकाभर इलेक्ट्रॉनिक्स त्याच चिपवर आणि पडदा म्हणून मोबाइल. ज्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, तिथे असे यंत्र पिशवीतून जाऊ शकते. वरळी कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांसाठी याहून सोयीचे काय?

पण फेब्रुवारी २०१२ च्या दुरुस्तीनुसार हलवता येण्याजोगे सोनोग्राफी यंत्र दोनच ठिकाणी वापरता येते : नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी, किंवा इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. घरोघरी प्रोब घेऊन जाणे यात बसत नाही. पोटदुखीच्या वृद्धासाठी नेले तरी नाही, कारण तेच यंत्र शेजारच्या घरातही चालेल.

रेडिओलॉजिस्टांची तक्रार वेगळी आहे. गरोदर महिलेच्या तपासणीसाठी भरायच्या ‘एफ’ फॉर्ममधली कारकुनी चूक आणि प्रत्यक्ष लिंगनिदान यांना कायदा एकाच तराजूत तोलतो, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी देशभर संपही केला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये हा मुद्दा अमान्य केला : नोंद हाच या गुन्ह्याचा माग काढण्याचा मार्ग आहे, तीच अपुरी ठेवली तर कायद्यात उरते काय, असा त्या निकालाचा आशय. यंत्राचे स्वरूप पाहता हा युक्तिवाद खोडणे कठीण आहे. मात्र २०१२ चे नियम लिहिले गेले तेव्हा मोबाइलला जोडायचा प्रोब आजच्याइतका सर्रास नव्हता. गर्भ दिसेल एवढी खोली गाठूच न शकणारा, फक्त नस शोधण्यापुरता प्रोब आणि पोटाचा प्रोब यांत नियमांनी फरक करावा का, ही चर्चा पुढे व्हावी लागेल.

सध्या केंद्रात जाणाऱ्याने पाहायच्या गोष्टी मोजक्याच. नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. गरोदर महिलेचा ‘एफ’ फॉर्म भरल्याशिवाय तपासणी करता येत नाही. त्यावर तिची सही किंवा अंगठा लागतो. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकावरही गुन्हा होऊ शकतो. डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि ५० हजार. महिलेवर मात्र घरच्यांनी बळजबरी केली असावी, असेच कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर असतो.